पास केलेला ओटा

आमच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ओट्यावर, शेगडीच्या उजव्या हाताला, एक तपकिरी डाग आहे. तव्याच्या बुडाएवढा, एका कडेला गडद, दुसरीकडं पिवळट होत विरलेला. हा डाग पडणार हे मला ओटा बसायच्या आधीपासून माहीत होतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच.

घरात या डागाची एक गोष्ट सांगितली जाते, पण ती वेगळी आहे आणि मोठी गमतीची आहे. पाहुणे आले की बायको ती सांगते, पाहुणे हसतात, मीही हसतो. माझं ते हसणं आता इतकं सरावाचं झालंय की कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबायचं हे मला पाहुण्यांच्या आधी कळतं.

मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात आहे. आलेला माल बघायचा, मोजायचा, बरोबर नसेल तर लाल पेटीत टाकायचा, हे माझं काम. पुरवठादार चहा पाजतात, 'साहेब, केसाएवढ्या फरकानं गाडी थांबणार आहे का' म्हणून गयावया करतात. मी मान हलवतो आणि पेटीकडं बोट करतो. मला बोलायची आवड नाही, आणि नकाराला फार शब्द लागत नाहीत, म्हणून हे काम मला मानवलं. घरी मात्र त्याची पुरेपूर थट्टा होते. मी मंडईत वांगी निवडायला लागलो की बायको शेजारी उभी राहून म्हणते, "अहो, त्या वांग्याला कळू द्या की आज तुमची सुट्टी आहे."

आम्ही शहराच्या कडेला सातारा परिसरात राहायला गेलो तेव्हा तिकडं निम्मी शेतं होती आणि निम्म्या इमारती. बिल्डरच्या जाहिरातीत कारंजं होतं. ते त्यानं बांधलंही, खोटं कशाला बोला. फक्त त्यात पाणी कधी कुणी पाहिलं नाही. त्या कोरड्या हौदात पोरं क्रिकेट खेळायची आणि चेंडू बाहेर गेला की चौकार धरायची. महापालिकेचा नळ आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता. बोअरचं पाणी पहिल्या दुष्काळात मचूळ झालं, पुढच्या दुष्काळात ती बोअर नुसती फुसफुसायला लागली आणि एक दिवस तेही बंद झालं. मग टँकर. टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. आला की खालून कुणीतरी ओरडायचं आणि अख्खी इमारत हातातलं टाकून पाइप, हंडे, बादल्या घेऊन जिन्यानं खाली.

त्याच सुमारास गंगापूरकडच्या आमच्या गावात विहीर आटली आणि थोरल्या भावानं आईला आमच्याकडं आणून सोडलं. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेला लोखंडी तवा. हात धुवायला म्हणून तिनं मोरीतला नळ उघडला, तर नळातून हवा आली. तिनं नळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गावाकडं पाणी नाय म्हून हितं आणलं, आन् हितं नळाला नुसता वारा," ती म्हणाली. "वारा तर गावाकडं बी लई व्हता. मला कशापायी हलवलं?"

सासू-सुनेचं कसं जमेल याची मला धास्ती होती. बायको शहरातली, शहागंजच्या बाजूला वाढलेली, बँकेत नोकरी करणारी. आई गावातून सहसा न हललेली. पण पाण्यानं दोघींचं जुळवलं. कुठलं पाणी कशाला वापरायचं, भाजी धुतलेलं कुठं ओतायचं, यात दोघींचं एकमत झालं आणि त्या दोघी मिळून माझ्या आंघोळीवर घसरल्या. कामाची वाटणीही न बोलता झाली. बायकोनं भाजी-आमटी करायची, सकाळच्या भाकरी आईच्या. बायको त्या भाकरी डब्यात न्यायची. बँकेतल्या बायका तिच्या डब्याभोवती जमतात, असं ती घरी येऊन सांगायची, आणि आई ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायची, "काय म्हनत्यात त्या?"

आईची एक रीत होती. शेवटची भाकरी झाली की ती सांडशीनं तवा उचलायची आणि शेगडीच्या उजव्या बाजूला थेट ओट्यावर ठेवायची. त्या उरलेल्या उबेवर एक पातळ भाकरी पसरायची. ती हळूहळू वाळून पापडासारखी कडक व्हायची. ती भाकरी माझी. पहिल्या पाळीवरून मी घरी आलो की चहाबरोबर ती मोडून खायची, हे माझ्या शाळेपासूनचं. गावी तिचा ओटा काळ्या कडप्प्याचा होता. त्यावर तिनं तवा ठेवला, उखळाचा फुटका दगड ठेवून त्यावर मिरच्या ठेचल्या, एकदा तर माझ्या भावाला उभं करून बडवलंही. कडप्प्याला काही झालं नाही.

आमच्या फ्लॅटचा ओटा बिल्डरनं दिलेला, काळ्या ग्रॅनाइटचा. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं तो पांढरा पडला होता. कितीही पुसा, म्हाताऱ्याच्या डोक्यासारखा दिसायचा. त्यात सिंकजवळचा सांधा उघडला आणि पाणी खालच्या कपाटात झिरपायला लागलं. दुष्काळात गळणारा ओटा म्हणजे घरातला चोर. बायकोनं निक्षून सांगितलं, "नवा ओटा. आणि काळा नको."

बायपासवर दगडाची दुकानं आहेत. आम्ही तिघं रविवारी गेलो. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, फरशा कलत्या उभ्या केलेल्या, मागं कापायचं मशिन. मशिन बंद होतं.

"कटाई पाण्यावर चालते साहेब," दुकानदार म्हणाला. "टँकर आला की कापतो."

"म्हणजे ओटापण टँकरनंच येणार," बायको म्हणाली.

ग्रॅनाइटपासून सुरुवात झाली, पण दुकानदाराचा हात सारखा एका पांढऱ्या फरशीकडं जात होता. पांढऱ्यावर बारीक राखाडी कण. "ये देखो भाभीजी. क्वार्ट्झ. खाणीतला नाही, कारखान्यात बनवलेला. दगडाचा चुरा, आणि त्याला धरून ठेवायला रेझिन. रेझिन म्हणजे डिंकच समजा. पाणी पीत नाही, तेल पीत नाही. एक ओला फडका मारा, झालं. टँकरवाल्या एरियात आजकल यही चलता है."

आईनं फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. "दगड दळला आन् डिंक घालून फिरून दगड केला?"

"हां अम्मा."

"मंग दळला कशाला?"

दुकानदारानं फरशीवरची धूळ हातानं पुसली. "डिझाईन के लिए, अम्मा."

"डिंकाचा लाडू हाय म्हना की," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या दगडाचं नाव डिंकाचा लाडू पडलं.

बायकोला तो आवडला होता. ती फरशीवरून तळहात फिरवत राहिली, आणि त्या वर्षात तिचा चेहरा स्वयंपाकघरातल्या कुठल्याही गोष्टीनं इतका निवांत झालेला मी पाहिला नव्हता. दुकानदारानं तळहाताएवढा एक तुकडा माझ्या हातात दिला. "साहब, घर ले जाओ. जो करना है करके देखो. फिर फोन करो."

मला असं सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला विहीर दाखवणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत मी पाट मांडून बसलो. हळद लावली, वाळू दिली, पुसली. लिंबू पिळलं. चहाचा चोथा ठेवला. बीट, चिंच, गोडं तेल. पेनातली शाईसुद्धा. शेजारच्या गॅलरीतून लोक वाकून बघायला लागले. बायको एकेक वाटी आणून देत होती आणि आई भिंतीला टेकून बघत होती.

"पोरगी बघाया गेल्तास तव्हा बी येवढं बघितलं नव्हतंस," आई म्हणाली.

"म्हणून तर माझं जमलं, आई," बायको म्हणाली. "नाहीतर मला लिंबू पिळलं असतं."

तुकडा प्रत्येक वेळी स्वच्छ निघाला. मी तो वर धरला आणि कंपनीत म्हणतो तसं म्हणालो, "पास." दोघींनी टाळ्या वाजवल्या. तिथंच मी दुकानदाराला फोन लावला, "पास आहे, कापा." मी सहसा मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

पुढं जे झालं ते कुणालाच माहीत नाही.

दोन दिवसांनी माझी पाळी दुपारी संपली. बायकोला बँकेची सुट्टी होती आणि त्या दोघी कुणाकडं तरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. ओट्यावर, त्या जुन्या काळ्या ओट्यावर, आईचा तवा ठेवलेला होता आणि त्यावर माझी कडक भाकरी. भाकरी उचलली. तवा गार होता. मी तो बघत उभा राहिलो आणि मला आईचा डिंकाचा लाडू आठवला. डिंक आचेवर जसाच्या तसा राहत नाही, फुलतो, हे लाडू खाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. मी शेगडी पेटवली, तवा चांगला तापवला, आई तापवते तितका, आणि तुकड्यावर ठेवला.

आधी वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा, पण त्यात काहीतरी गोडसर. तवा उचलला तर तुकड्यावर तपकिरी डाग. घासला, लिंबू लावलं, सोडा लावला. नाही गेला. मी आयुष्यभर जो माल परत पाठवला त्यात याच्यापेक्षा कितीतरी बरा माल होता.

मी दुकानदाराला फोन लावला. डाग पडतो, हे सांगायलाच लावला होता. त्यानं माझ्या आधीच बोलायला सुरुवात केली, "साहब, टँकर नहीं आया अभी, कल काटता हूँ, पक्का." म्हणजे दगड अखंड होता. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "बरं. घाई नाही." आणि फोन ठेवला.

का, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. बायकोला तो दगड आवडला होता, हे एक. पण ते मी पुढं करतो, कारण ते चांगलं दिसतं. खरं हे की मी सगळ्यांसमोर पास म्हणालो होतो, शेजारच्या गॅलरीसुद्धा ऐकत होत्या, आणि आता त्याच तोंडानं नापास म्हणायला मला लाज वाटली. दुसऱ्याचा माल लाल पेटीत टाकताना माझा हात कधी अडखळला नाही.

तुकडा मी खिशातून वाळूजला नेला. लाल पेटीपर्यंत गेलो. पण त्या पेटीत काहीही टाकायचं तर त्याला चिठ्ठी बांधावी लागते आणि चिठ्ठीवर कारण लिहावं लागतं. मी तुकडा टेबलाच्या खणात टाकला. तो अजून तिथंच आहे.

घरी सांगायचं नाही, पण डागही पडू द्यायचा नाही, असा मी मार्ग काढला. शहागंजात जाऊन एक छान पितळी अडणी आणली, गरम भांडं ठेवायची तीन पायांची बैठक. नव्या ओट्यावर शेगडीच्या उजव्या बाजूला मांडून ठेवली. कशासाठी ते बोललो नाही.

आईनं ती उचलून बघितली. "लई गोजिरी हाय," म्हणाली, आणि सिंकजवळ नेऊन तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला. माठाला ती अगदी मापात बसली. बायको म्हणाली, "बघा, सासूला काय हवं ते मुलाला न सांगता कळलं." माठ तिथून हलवायचा म्हटलं तर कारण द्यावं लागलं असतं.

मग मी तव्यावर पहारा ठेवला. भाकरी संपायच्या सुमारास स्वयंपाकघरात घोटाळायचं आणि आईनं तवा उचलला रे उचलला की सांडशी तिच्या हातून घ्यायची. "राहू दे, मी ठेवतो." आणि मागच्या बंद शेगडीवर ठेवायचा. पाळी सकाळची असली की मी जायच्या आधी भाकरी उरकायला लावायचो.

"ह्येला काय झालंय?" आई बायकोला विचारायची.

"साहेबांनी आता तवा तपासणीला घेतलाय, आई. रोजच्या रोज शिक्का मारतात."

"बायकूला यवढी मदत कव्हा केली नाय," आई म्हणायची, पण तिला बरं वाटत असावं. लेकानं आईच्या हातातलं ओझं घ्यावं, यात तिला काय वावगं दिसणार? मला मात्र तिच्या त्या बरं वाटण्याची भीती वाटायला लागली होती.

आणि एका सुट्टीच्या सकाळी भाकरी चालू असताना खालून आरोळी आली, टँकर आला. मी पाइप खांद्यावर टाकला आणि पळालो. जिना अर्धा उतरल्यावर मला तवा आठवला. मी थांबलो. मागून शेजारचे आजोबा बादल्या घेऊन येत होते, म्हणाले, "उतरा की साहेब, पाणी काय वर येणार आहे?" मी उतरलो.

परत येताना पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, पाइप हातात, आणि जिन्यातच मला तो वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा, गोडसर. वर काय असेल ते मला दार उघडायच्या आधीच दिसत होतं.

आई ओट्यावर वाकून नारळाच्या शेंडीनं घासत होती. तवा मागच्या शेगडीवर होता, आता. शेजारी कडक भाकरी काढून ठेवलेली होती. टँकरच्या गडबडीत तिनंही हंडा घेतला होता, पण माझी भाकरी उबेवर टाकूनच दारापर्यंत गेली होती.

"मिटंना रं ह्ये," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

बायको आतून आली. तिनं डाग बघितला, डागावर बोट फिरवलं. ओटा बसून थोडेच दिवस झाले होते. ती रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर कदाचित मी बोललो असतो. ती म्हणाली, "असू द्या आई, राहू द्या. हात सोलतील तुमचे." मग माझ्याकडं वळली. "दगड तव्यानं जळतो? तुम्हाला माहीत होतं का हो?"

खरं वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "दुकानदारानं सांगायला हवं होतं."

बायकोनं तिथल्या तिथं दुकानदाराला फोन लावला आणि बँकेतल्या आवाजात त्याला फैलावर घेतलं. फोन मोठ्या आवाजावर होता. तो बिचारा म्हणत होता, "भाभीजी, मैंने तो बोला था, सब करके देखो. साहब ने खुद फोन पे बोला, पास है."

बायकोनं फोन ठेवला. माझ्याकडं बघितलं. आणि तिला हसू फुटलं, इतकं की तिनं ओट्याला हात टेकला. "हळद लावलीत. बीट लावलंत. पेनातली शाईसुद्धा लावलीत. आणि तवा विसरलात. स्वयंपाकघराच्या दगडाला तवा लावून बघायचा विसरलात."

"विसरलो," मी म्हणालो.

नकाराला शब्द कमी लागतात असं वर म्हणालो. खोट्यालाही एकच पुरला.

अशी ती गोष्ट तयार झाली. तपासणीवाल्या साहेबांनी सगळं तपासलं आणि तवा विसरले. बँकेत गेली, इमारतीत गेली, गावी गेली. माझ्या कंपनीतही पोचली, पुरवठादार आता माल परत गेला की हळूच म्हणतात, "साहेब, तव्यावर ठेवून बघितला का?" या गोष्टीत मी विसरभोळा आहे. विसरभोळं असण्यात काय लागतं? मी त्या गोष्टीच्या आड फार आरामात राहिलो.

आई मात्र तेव्हा हसली नव्हती. त्या गोष्टीत विसरणारा मी होतो, पण तवा ठेवणारा हात तिचा होता. दुसऱ्या दिवसापासून तिनं भाकरी गॅलरीत सुरू केल्या. एक बर्नरची जुनी शेगडी माळ्यावर होती, ती काढायला लावली, पाटावर बसली. बायकोनं हरप्रकारे सांगून बघितलं. "आई, एक डाग पडला काय आणि दोन काय. या ना आत."

"मला बसून बरं वाटतं," आई म्हणाली. "उभ्यानं थापली की भाकरीला घाई व्हती."

आत आली तरी ती ओट्याला हात लावायची नाही. चहाचा कप बशीसकट हातात धरून उभ्यानंच प्यायची. कडक भाकरी बंद झाली. गॅलरीत वारा लागतो, तवा लगेच निवतो, असं तिनं कारण दिलं. मला तिनं ते तोंडावर सांगितलं आणि मी म्हणालो, "व्हय, वारा असतो तिथं." गावची बोली माझ्या तोंडात लाज वाटली की येते.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. विहिरीला पाणी आलं असा भावाचा निरोप आला आणि आईनं पिशवी भरायला घेतली. बायकोनं तिला थांबवायचा प्रयत्न केला. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"राहा ना आई. भाकरीचं काय करू मी?"

"येईन की मधनंमधनं. पर हितं मला धाकधूक वाटती बाय. माझा हात जड हाय. त्याचा ओटा लई नाजूक."

मी पेपर खाली केला नाही. तवा पुन्हा लुगड्यात बांधला गेला आणि तिच्याबरोबर एसटीत बसून गेला.

त्यानंतर शहर आमच्या इमारतीला ओलांडून कितीतरी पुढं गेलं. शेतं संपली. नळ येणार येणार म्हणून रस्ता खणला, बुजवला, पुन्हा खणला. ज्याच्या त्याच्या घरी ओटे बदलायला लागले, आणि त्या गोष्टीमुळं लोक मला बोलवायला लागले. "साहेब, दगड घ्यायचाय, तुमचा तवा घेऊन या." थट्टेनं बोलवतात, पण बोलवतात. मी जातो. त्यांच्याच घरचा तवा तापवतो, तुकड्यावर ठेवतो, डाग दाखवतो. सांगतो, क्वार्ट्झ घ्या, दगड चांगला आहे, पाणी-तेल पीत नाही, पुसायला सोपा. फक्त गरम भांडं थेट ठेवू नका, आणि घरात जो जो स्वयंपाक करतो त्याला हे आजच सांगा. ते शेवटचं वाक्य मी फार ठासून सांगतो. एका बाईनं विचारलं, "साहेब, एवढं आम्हाला सांगता, तर तुमच्या घरी कसं राहिलं?" तेव्हाही मी हसलोच.

या संक्रांतीला आई आली. आता ती चार दिवसांपुरतीच येते. तिळगुळाची पुडी काढली, आणि पिशवीच्या तळातून जुन्या लुगड्याची एक चुंबळ काढली. डोक्यावर हंडा ठेवताना बायका घेतात ती, कापडाची पिळून केलेली गोल गादी. गावात आता पाणी घरापर्यंत आलंय, चुंबळ कुणाच्या डोक्यावर राहिली नाही. आईनं ही नव्यानं वळून, दोऱ्यानं शिवून आणली होती.

"ही कशाला, आई?" बायकोनं विचारलं.

"तुज्या दगडाला टोपी," आई म्हणाली.

तिनं ती ओट्यावर ठेवली, नेमकी त्या डागावर, आणि चहाचं पातेलं शेगडीवरून उतरवून तिच्यावर टेकवलं. किती वर्षांनी तिनं त्या ओट्यावर काही ठेवलं होतं. मग जरा मागं सरून पातेल्याकडं बघत राहिली, पडतं की काय अशा नजरेनं.

"पाडला तर म्याच पाडला डाग," ती बायकोला म्हणाली, "तर झाकनार बी म्याच."

बायको हसली. "आई, तुमचा काही दोष नाही. दोष ह्यांचा, तवा विसरले." आणि दोघी माझ्याकडं बघून हसल्या. मी दारात उभा होतो. त्या वेळी मी हसलो नाही. बायकोला ते जाणवलं असावं, कारण तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, चहा ओत." आई दुसऱ्या दिवशी गावी गेली. चुंबळ ओट्यावर राहिली आहे.

आईचे कान नीट आहेत, समजही लख्ख आहे. बायको रोज त्या ओट्यापाशी उभी राहते. त्या दोघींना एकत्र उभं करून मला सांगायचं आहे की मी तवा विसरलो नव्हतो. तुकडा जळलेला मी आधीच पाहिला होता, दगड कापायच्याही आधी, आणि मी गप्प बसलो. डाग आईचा नाही. एवढं मी आईला देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.